ओळखपट्ट्यांची मोहीम, मुक्काम सफाकस

सकलआज्ञावलीविशारद, धैर्यमेरू, परंतु फोन वाजताच दचकणारे वज्दी साहेब यांनी सफाकस शहरी जी मोहीम केली, तिची कैफियत ऐसी जे:

प्रातःकाळचा उजेड प्रथम मिठागरांवर उतरला, आणि मग केरकेन्ना बेटांस निघालेल्या बोटीच्या पांढऱ्या अंगावर रेंगाळला, आणि मग कचेरीच्या निळ्या झडपांतून आत येऊन, पेल्यातील कालची कॉफी, कळफलकावरील पावाचे कण, ऐसी एकेक जागा सावकाश उजळीत साहेबांच्या हातांवर थांबला. तो कोणास काही विचारीत नसे, म्हणोन साहेबांस प्रिय होता.

ऐसियास, बेटांवरील वृद्ध कोळ्यांची गाणी साहेबांच्या कचेरीतील सहकारी मुनिया बाईंनी ध्वनिमुद्रित करून संगणकी दफ्तरखान्यात ठेविली होती, आणि प्रत्येक फायलीच्या अंगास गाणाराच्या नावाची ओळखपट्टी जोडिली होती. बेटाचा रिवाज ऐसा, की नाव सांगावे ते बाप, आजोबा आणि गाव यांसुद्धा. आखूड नावे फायलीच्या आतल्या कोठडीत मावली आणि लांब नावे बाहेरच्या कोठारात रवाना जाहली. मग फितुरी उघड जाहली, की कोठाराचा पत्ता आत लिहिण्यापूर्वीच कोठडीस मोहोर लागून ती बंद होत असे. सबब नावे कोठारी सलामत, दफ्तरी बेपत्ता. बेपत्त्यांत साहेबांचे मरहूम तीर्थरूप खमैस हेही होते, आणि त्यांचा आवाज जगात ऐशाच एका निनावी जाहलेल्या फायलीखेरीज कोठेही उरला नव्हता.

"त्यात काय एवढं?" हरिसाची लाल मिरचीची चटणी माखलेला पाव चावीत मुनिया बाई म्हणाल्या. "बापाचा आवाज आहे. ऐक, ओळखशील."

"ओळखलाय की. वल्ह्याचं गाणं."

"मग रोज बाकीची कशाला ऐकतोस, भावा?"

"चूक शोधतोय."

"कानानं?"

यावर साहेबांनी हेडफोन चढवून सन्मानपूर्वक माघार घेतली.

मग आज्ञावलीत दोन ओळींची जागा बदलून, आधी पत्ता आणि मग मोहोर ऐसा बंदोबस्त केला, आणि दुरुस्ती त्या आज्ञावलीचा कारभार पाहणाऱ्या दूरदेशीच्या सुभेदारांकडे मंजुरीस धाडिली. फर्मान आले, की चाचणीवाचून दुरुस्ती रुजू होणार नाही. दुरुस्तीच्या प्रस्तावनेत समुद्राविषयी जे लिहिले आहे तेही काढावे. साहेब व्याकुळ होऊन सज्जात उभे राहिले, आणि मग समुद्र वगळून, तीर्थरूपांचे नाव आजोबा-गावासकट चाचणीस देऊन फिरून चाल करिते जाहले. जुनी आज्ञावली त्या नावापुढे कोसळली, नवी टिकली. सुभेदार राजी जाहले. कोठारातील दर नावावर धनी फायलीचा क्रमांक कोरिलेला होताच. त्या खुणेने तमाम नावे स्वस्थानी आणिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, एकही नाव गहाळ न होता, हे दफ्तरी दाखल असे.

मग मुनिया बाईंनी संगणकाचा पडदा आपणाकडे वळविला.

"वल्ह्याचं गाणं फरहातचाचांचं निघालं. तुमचे शेजारी ना ते?"

साहेबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढिली.

"आणि खमैस हे... खोकला येतो ती फाईल. तू दर वेळी पुढं ढकलतोस ती."

बाईंनी ती लाविली. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकिली, खोकल्यासह, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. उजेड आता हातांवरून सरकून भिंतीवर गेला होता.

वज्दीला बापाचा आवाज आठवत नव्हता.