जहागीरदाराची हद्द

"महिन्याभरात घरात समुद्र आणून दाखवतो! नाही आणला तर नाव बदलीन!"

मोजणीदारांनी ही गर्जना फोनवर आपल्या लेकीसमोर केली. नाव बदलायची धमकी तशी पोकळच होती, कारण त्यांचं खरं नाव आता कोणाच्याच लक्षात नव्हतं. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून, भावाभावांच्या मधे हद्दीचे दगड रोवून ते निवृत्त झाले होते आणि सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत.

"बाबा, समुद्र कशाला?" लेक म्हणाली.

"तुझ्या आईला सांग, समुद्र येतोय. बस्स!"

आई, म्हणजे मोजणीदारांची बायको, लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली होती. त्याला आता तेरा महिने झाले होते. नात चालायला लागली, पण आजी काही परत निघाली नव्हती. मोजणीदार विचारायचे, "अगं, कधी येतेस?" ती म्हणायची, "आता पोरीचं ऑफिस सुरू झालंय." मग नातीचे दात. मग नातीची सर्दी. त्या एवढ्याशा नाकातून किती सर्दी येणार!

खरं कारण मोजणीदारांना ठाऊक होतं. जाताना दारात चप्पल घालताघालता ती म्हणाली होती, "या घरात माझी म्हणून वीतभर जागा नाही."

दुसरा कोणी नवरा असता तर वरमला असता. मोजणीदारांनी टेप काढली! तीन दिवस खपून त्यांनी घराचा नकाशा केला, कपाटाचे दोन कप्पे, पलंगाची डावी बाजू, स्वयंपाकघरातला ओटा आणि खिडकीजवळची तिची वेताची खुर्ची पिवळ्या रंगाने रंगवली आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'तुझी जागा वीतभर नसून एक्केचाळीस चौरस फूट आहे. तरी गैरसमज दूर व्हावा.' नकाशा टपालाने रवाना केला.

गैरसमज इतका दूर झाला की बायको अकरा दिवस फोनवरच आली नाही.

तेव्हापासून मोजणीदारांच्या जिवाला चैन नव्हतं. पेपर वाचतावाचता सवयीने ते "अगं, ऐकलंस का!" असं ओरडायचे आणि मग फ्रिजची घरघर ऐकत बसायचे. सुईदोऱ्याचा डबा हातात धरून बायकोला फोन लावायचे आणि विचारायचे, "अगं, सुईदोऱ्याचा डबा कुठे असतो?" ती सविस्तर सांगायची, दुसरा कप्पा, डाव्या हाताला, बटणांच्या बरणीमागे. मोजणीदार डोळे मिटून ऐकायचे. आठवड्यातून तीनदा तो डबा हरवायचा.

समुद्राची कल्पना त्यांना अशाच एका दुपारी सुचली. बायकोचं लहानपण समुद्रकाठचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "खिडकीतून समुद्र दिसायला हवा." मोजणीदार म्हणाले होते, "बघू." ते बघायला त्यांना एकतीस वर्षं लागली.

टाक्या आणि मासे विकणाऱ्या दुकानदाराला सगळे टाकीवाले म्हणत. त्यांनी काचेची चार फुटी टाकी दिली, समुद्री मीठ दिलं, पाण्याचा खारेपणा मोजायची नळी दिली आणि समुद्रातले भोकाभोकांचे दगड दिले. मोजायचं काहीतरी हातात आल्यावर मोजणीदार खुलले. टाकीतलं पाणी स्थिरावल्यावर टाकीवाल्यांनी एका पिशवीतून करंगळीएवढा निळाशार मासा दिला.

"डॅमसेल म्हणतात याला. नवशिक्याने यानेच सुरुवात करावी. काटक असतो. काही केल्या मरत नाही."

मोजणीदारांनी घरी येऊन शब्दकोश उघडला. डॅमसेल म्हणजे कुमारिका! ते सुखावले. टाकी त्यांनी आधीच खिडकीखाली बसवली होती. तिथे बायकोची वेताची खुर्ची होती, ती उचलून गॅलरीत जुन्या सायकलीमागे ढकलली होती. आता तिला खिडकीत समुद्र दिसेल, या आनंदात ती बसणार कुठे, हा प्रश्न त्यांना शिवलाही नाही.

आठवडाभर कुमारिका गुणी होती. "अगं, ऐकलंस का!" म्हटलं की काचेपाशी यायची. घरात हाकेला ओ देणारं कोणीतरी आलं, म्हणून मोजणीदार तिला सगळा पेपर वाचून दाखवायचे.

मग त्यांनी तिला सोबत म्हणून केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणले आणि कुमारिकेने अवतार प्रकट केला! गोळीसारखा सुटून तो निळा मासा एकाच्या शेपटीला डसला, दुसऱ्याला पंपामागे कोंबला आणि मग टाकीच्या मधोमध उभा राहून कल्ले फुगवून पाहू लागला. संध्याकाळपर्यंत पाहुण्यांच्या पंखांच्या झिरमिळ्या झाल्या. मोजणीदारांनी सोडवायला हात घातला, तर त्यांनाही चावला.

"कोशकाराला कधी चावला नसणार," मोजणीदार बोट चोखत पुटपुटले. त्यांनी त्याचं नाव जहागीरदार ठेवलं आणि पाहुण्यांना टाकीवाल्यांकडे परत पोचवलं.

पण पस्तीस वर्षांचा अनुभव काय उगीच! दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीचे रीतसर दोन भाग केले. मधे पांढऱ्या गोट्यांची हद्द आखली. डावा भाग जहागीरदाराचा, उजवा येणाऱ्यांचा. एक पिवळा मासा आणून उजवीकडे सोडला. जहागीरदार हद्दीपाशी आला. थांबला. मोजणीदारांनी श्वास रोखला. मग त्याने एकेक गोटी तोंडाने ढकलून बाजूला सारली आणि पिवळ्याला असं बदडलं की तोही टाकीवाल्यांकडे परत गेला.

"इतका उर्मट खातेदार उभ्या नोकरीत पाहिला नाही!" मोजणीदारांनी फोनवर बायकोला सांगितलं. "आधी आला म्हणून सगळं याच्याच मालकीचं! दुसऱ्याने कुठे बसावं, कुठे फिरावं, सगळं हाच ठरवणार!"



"असतात असे," बायको म्हणाली. "बरं, ऐका. मी रविवारी येतेय. चार दिवस. लोकरीचे कपडे न्यायला."

मोजणीदारांच्या कानात फक्त 'येतेय' शिरलं. उरलेलं वाक्य पोचायला दहा मिनिटं लागली. लोकरीचे कपडे न्यायला म्हणजे थंडी तिकडेच काढणार. म्हणजे चार दिवसांत काय ते जमलं पाहिजे! तिने दार उघडावं आणि समोर समुद्र दिसावा. केशरी, पिवळे, जांभळे मासे हसतखेळत नांदताना पाहून तिचा पाय घरातून निघू नये. त्यासाठी जहागीरदाराला आधी हुसकावणं भाग होतं.

जाळी घातली, तो दगडाच्या भोकात. जाळी काढली, तो बाहेर. बाटलीत खाणं ठेवून सापळा लावला, तर खाणं संपलं आणि बाटली रिकामी. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मदतीला धावले.

"याला दुसरा मासा दाखवा. भांडायला येईल, तेव्हा पकडा!" असं म्हणत त्यांनी दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा टाकीत बुडवला. आरशात स्वतःलाच पाहून जहागीरदार असा खवळला की त्याने आरशावर टकरा घेतल्या, डॉक्टरांचा अंगठा फोडला आणि पुन्हा भोकात गेला.

"दात चांगले आहेत त्याचे," डॉक्टर अंगठा दाबत म्हणाले आणि घरी गेले.

शनिवारी दुपारी मोजणीदारांनी शेवटचा उपाय काढला. सगळे दगड बाहेर! लपायला जागाच ठेवायची नाही! दगड ओले राहायला हवेत, म्हणून खारं पाणी भरून बादल्या लावल्या. बादल्या पुरेनात, म्हणून पातेली काढली. पातेली संपली, तेव्हा कुकर घेतला, कढई घेतली, डब्यांची झाकणं घेतली. दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत खाऱ्या पाण्याचा ओहोळ वाहू लागला. मोजणीदार विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर टॉवेल बांधून, एका हातात जाळी आणि दुसऱ्या हातात गाळणं घेऊन टाकीवर ओणवे झाले, आणि दाराची घंटा वाजली.

"डॉक्टर, दार उघडंच आहे! पाय जपून!"

पाय जपून बायको आत आली.

"एक दिवस आधीचं तिकीट मिळालं," ती म्हणाली. तिने कुकरमधला दगड पाहिला. कढईतल्या दगडाच्या भोकातून एक खेकडा वर आला, तोही पाहिला. मग खिडकीकडे पाहिलं.

"माझी खुर्ची कुठाय?"

चौदा महिने मोजणीदारांनी या क्षणाची उजळणी केली होती. तू नाहीस तर घर खायला उठतं, असं म्हणायचं होतं. सुईदोऱ्याच्या डब्याची थाप कबूल करायची होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "सायकलीमागे."

ती खाली बघत राहिली. मोजणीदारांना वाटलं, आता ही उलट्या पावली जाणार. हातातलं गाळणं पाण्यात पडलं.

"अगं, तुझ्यासाठीच केलं सगळं," ते कसेबसे म्हणाले. "समुद्र. तू म्हणाली होतीस ना, खिडकीतून... मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. आणि हा मेला कोणाला राहूच देत नाही!"

बायकोने पर्स ठेवली. पदर खोचला. बाही वर सारून डावा हात पाण्यात घातला आणि तसाच धरला. जहागीरदार रिकाम्या टाकीत दोनदा फिरला, फुगला, आणि बोटावर धावून आला. उजव्या हातातल्या स्टीलच्या वाटीने तिने त्याला अलगद उचललं.

"घाई करायची नाही," ती म्हणाली. "चावायला येऊ द्यायचं. एकतीस वर्षांची सवय आहे मला."

मोजणीदारांनी लगबगीने टाकीवाल्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "सापडला हो! परत घ्या याला!"

"परत कशाला, काका?" टाकीवाले म्हणाले. "मासा वाईट नाही तो. आधी आला ना, म्हणून त्याला सगळं आपलंच वाटतं. त्याला आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवा. तोवर दगडांची मांडणी पार बदला, नव्या माशांना हवी ती जागा धरू द्या. मग याला सोडा. सगळं अनोळखी दिसलं की निमूट एक कोपरा धरतो!"

"नक्की सुधारतो?" बायकोने विचारलं.

"बहुतेक सुधारतात, काकू. वय फार झालं असलं, तर जरा वेळ लागतो."

बायकोने वाटीतल्या जहागीरदाराकडे पाहिलं. मग टॉवेल बांधलेल्या मोजणीदारांकडे पाहिलं. असं पाहिलं की मोजणीदारांनी टॉवेल सोडला.

"पोरीला अजून आठवडाभर घरात माणूस लागणारच आहे," ती म्हणाली. "तुमची बॅग भरते."

"माझी? अगं, तू आत्ता आलीस!"

"म्हणूनच."

रविवारी सकाळी मोजणीदार लेकीकडे रवाना झाले! ज्या घरात चौदा महिने तिची वाट पाहिली, त्या घरात ती आली आणि हे बाहेर. लेकीकडे नातीने त्यांचा चष्मा खेळायला घेतला. खुर्ची कुठे सरकवायची नाही, टॉवेल कुठे वाळवायचा नाही, हे लेकीने समजावून सांगितलं. रोज दुपारी नात झोपली की ते फोन लावायचे.

"काय करतेस?"

"कपाट रिकामं करतेय."

"माझे नकाशे?"

"पलंगाखाली. नीट गुंडाळून ठेवलेत."

मोजणीदारांनी धीर करून विचारलं, "लोकरीचे कपडे सापडले?"

"सापडले. ऊन देऊन परत कपाटात ठेवले."

परत कपाटात! मोजणीदारांनी झोपलेल्या नातीला इतक्या जोरात मिठी मारली की ती जागी झाली आणि तासभर रडली.

सहाव्या दिवशी बायकोनेच फोन केला. "जहागीरदाराला सोडलं सकाळी. मागच्या डाव्या कोपऱ्यात गेलाय. केशरी मासा जवळून गेला, तर नुसतं पाहिलं."

"मग मी येऊ?" मोजणीदारांचा आवाज नको तितका बारीक निघाला.

"या. पण टाकीवाले म्हणतात, मासा आणला की लगेच टाकीत सोडायचा नाही. पिशवीसकट अर्धा तास तरंगत ठेवायचा. पाण्याची सवय होऊ द्यायची."

"म्हणजे?"

"म्हणजे आल्याआल्या दार वाजवू नका. ही खुर्ची इथे का, ते कपाट तिथे का, हे सगळं जिन्यात बसून गिळा. मग आत या."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मोजणीदार आपल्याच जिन्यात, बॅग मांडीवर घेऊन बसले. आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, तेव्हा 'फरशीवर चरे पडतील!' हे शब्द ओठांवर आले आणि त्यांनी ते गिळले. मग नळ सुरू झाला. भांडी वाजली. ती काहीतरी गुणगुणत होती, सुरात नव्हतं. चौदा महिने या घरात फ्रिजशिवाय कोणी बोललं नव्हतं. मोजणीदारांनी बॅगेत तोंड खुपसलं.

वरून दातांचे डॉक्टर अंगठ्याला पट्टी बांधून खाली येत होते. ते थबकले.

"काय हो, किल्ली हरवली?"

"नाही."

"मग घरात कोणी नाही का?"

"आहे की!" मोजणीदार इतक्या जोरात म्हणाले की जिना दुमदुमला. "बायको आहे घरात!"

"मग इथे का बसलात?"

मोजणीदारांनी घड्याळात पाहिलं आणि डॉक्टरांना जायला वाट म्हणून बॅग जरा बाजूला घेतली.

"अजून अकरा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "पाण्याची सवय करतोय."