राखणदाराला कारण सांगा

आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयात आता माणसांवर विश्वास ठेवायची गरजच उरलेली नाही, असं मी छाती फुगवून सांगत होतो. गावोगाव सांगत होतो!

त्याचं असं झालं. वादळात किनाऱ्यावरच्या घरांची छपरं उडाली, तेव्हा आमच्या मदत संस्थेने घरोघर फिरून माहिती घेतली. नाव, फोन, घर कुठे, सगळं. लोकांना वचन दिलं की ही माहिती फक्त छपराचे पत्रे पोचवायला वापरू. ते वचन पाळलं जातंय का, हे बघणारी यंत्रणा मी संगणकावर बसवली. कुणी कुणाची माहिती उघडायला गेला की ती कारण विचारणार, वचनाशी ताडून बघणार आणि जुळलं नाही तर दार बंद! शिवाय ज्याची माहिती, त्याला लगेच फोनवर संदेश. मी तिचं नाव ठेवलं राखणदार.

आमचा ट्रकवाला निलेश म्हणाला, "साहेब, राखणदार म्हंजे गावची वेस सांभाळणारा देव. त्येचं नाव ठेवलंत तर नारळ द्यायला लागंल."

दिला! संगणकासमोर फोडला. पाणी कळफलकावर उडालं, तेवढी दोन बटणं अजून चिकटतात.

आणि एका सकाळी पत्र्यांचा हिशेब लावताना पडद्यावर नाव दिसलं. सुनेत्राबाई, निवृत्त शिक्षिका, नेवरे.

माझा हात तिथेच थांबला. माझ्या चौथीच्या बाई! मी सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून, अनवाणी शाळेत यायचो. उन्हाने कातळ असा तापलेला असायचा की मी नाचतच वर्गात शिरायचो. बाई आधी दारातच मला उभं करून पायांवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि मग हजेरी घ्यायच्या. त्यांची बदली झाली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. पुढे त्या कुठे गेल्या, कळलंच नाही. इतक्या वर्षांत आईखालोखाल कुणाची आठवण आली असेल तर त्यांचीच.

आता फक्त फोन नंबर हवा होता.

राखणदाराने विचारलं, कारण? मी लिहिलं, पत्रे वाटप. उत्तर आलं, त्यासाठी घराचा पत्ता ट्रकवाल्याला दिसतो, तुम्हाला फोन नंबर लागत नाही. शहाणाच! मी लिहिलं, आरोग्य तपासणी. उत्तर आलं, त्यासाठी माहिती घेतलेली नाही. मग मी चिडून लिहिलं, तातडीची मदत!

पडदा लाल झाला. 'एकच माणूस, वेगवेगळी कारणे. संशयास्पद. नोंद कुलूपबंद. पत्रे थांबवले.'

पत्रे थांबवले? तेवढ्यात वाटेतल्या हातखंबा नाक्यावरून निलेशचा फोन. "साहेब, नेवऱ्याच्या एका घराची नोंद गायब! पत्रे उतरवू की काय करू?"

"नको! थांब तिथेच!"

आमच्या प्रमुख वैदेही मॅडमकडे धावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुलूप उघडायचं तर बाईंचा होकार हवा आणि तुमचं खरं कारण. नियम तुम्हीच लिहिलाय."

"मग बाईंना फोन करतो."

"नंबर कुलपात आहे ना?"

तिकडे निलेशने फोनवरूनच गाऱ्हाणं सुरू केलं होतं. "बा राखणदारा! आमच्या साहेबांच्या हातून काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल, नि बाईंचे पत्रे जाऊ दे रे महाराजा!" मागून हमालांचा आवाज आला, "होय महाराजा!" राखणदार ढिम्म हलला नाही.

शेवटी स्कूटर काढली. आभाळ भरून आलं होतं. बाईंच्या डोक्यावर ताडपत्री असणार, या विचाराने ब्रेक दाबायची इच्छाच होईना. नेवऱ्याला भागोजींच्या दुकानापाशी थांबलो.

"सुनेत्राबाईंचं घर कुठलं ओ?"

भागोजींनी मला खालून वर न्याहाळलं. "कोण सुनेत्राबाई?"

"अहो, शिक्षिका!"

"नाय माहीत. नि माहीत असलं तरी सांगणार नाय. त्या दिवशी हितंच उभं राहून तुमीच सांगून गेलात ना, कारण पटल्याबिगर कुणाची माहिती कुणाला द्यायची नाय? बोला, कारण काय?"

"त्यांचे पत्रे माझ्यामुळे अडकलेत हो!"

"तुमच्यामुळं? मग तर अजिबात नाय!"

मी हात जोडणार, तोच दुकानाच्या आतून आवाज आला. "भागोजी, सोड त्याला आत. ह्याला कारण नीट सांगता कधी आलं नाही."

बाई! केस पांढरे झालेले, आवाज तोच. मोबाईल डोळ्यांसमोर धरून त्यांनी वर्गात वाचावं तसं वाचलं, "दीपक यांनी आरोग्य तपासणीसाठी तुमची माहिती मागितली. कारण पटले नाही. काय रे, डॉक्टर कधी झालास?"

माझी मान खाली. भागोजी खूश!

"आता खरं कारण लिही."

मी उभ्याउभ्या माझ्या मोबाईलवर लिहिलं, बाईंची आठवण आली. राखणदार म्हणाला, हे कारण यादीत नाही.

बाईंनी ते वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "यादीत नसलं तरी खरं आहे. पण ते पत्र्यांत घुसडू नकोस. तिथे छपराचं लिही."

मी लिहिलं, छप्पर उडाले. बाईंनी त्यांच्या मोबाईलवर आलेल्या संदेशातलं होकाराचं बटण दाबलं. कुलूप उघडलं! फोनवर निलेश ओरडला, "पावला! मीच गाऱ्हाणं घातलं होतं!"

दिवेलागणीच्या आत पत्रे चढले आणि मग पाऊस कोसळला. मी बाईंच्या पायरीशी गेलो तर त्या तांब्या घेऊन उभ्या. "पाय पुढे कर." मला रडू आलं, ते पावसात खपून गेलं.

फोन नंबर बाईंनी स्वतःच दिला. त्याला राखणदाराची हरकत नव्हती. हरकत आता मला आहे. बाई रोज पहाटे फोन करतात, मी झोपेत असतो. कारण विचारलं तर म्हणतात, "हजेरी!"

आणि मी अंथरुणात उठून बसतो आणि म्हणतो, "हजर, बाई."