ठमाकाकूंचा पदपथ

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात सगळं काही होतं, फक्त चालायला जागा नव्हती.

वाटेवरून दिवसभर रानगवे धावायचे. त्यापायी ठमाकाकू नावाची कासवीण अगदी मेटाकुटीला आली होती. काकूंची लेक नदीपलीकडे राहायची आणि तिची अंडी महिन्याभरात फुटायची होती. नदीपार प्रवासी नेणारा हत्ती पिंपळाखाली थांबायचा. पण काकू बाहेर पडल्या की गवे यायचे, काकू मान आत घ्यायच्या आणि हत्ती निघून जायचा.

अशात सिंहमहाराजांनी पायी चालणाऱ्यांसाठी अनुदान जाहीर केलं. काकूंना तर रडूच आलं.

समिती नेमली गेली. अध्यक्ष घार, अभियंता वानर. दोघांनाही चालण्याचा गंध नव्हता, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती धरलं गेलं.

पदपथ किती उंच हवा, हे वानराने स्वतः उडी मारून ठरवलं. उडी सहज साधली. पिंपळापर्यंत दगडी पदपथ झाला, काकूंच्या पाठीच्या चौपट उंच. वर कसं चढायचं, असं काकूंनी भीतभीत विचारलं.

“तुम्ही कशाला त्रास घेता?” वानर म्हणाला. “उद्घाटनाला आम्हीच उचलून ठेवू.”

आणि ठेवलंही. पहिल्या पादचारी म्हणून काकूंना शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, मंडळी उडत, उड्या मारत घरी गेली. काकू चालत चालत पिंपळापाशी पोचल्या. हत्ती उभा होता. उतरायला पायरी नव्हती.

“सोंडेवर घे रे बाबा,” काकू म्हणाल्या. “आज अंडी फुटायचीत.”

“घेतलं असतं, काकू,” हत्ती हळहळला. “पण आम्ही जमिनीवरचेच प्रवासी घेतो. पदपथ आमच्या हद्दीत येत नाही.”

काकू वरच राहिल्या, शाल पांघरून. पुढे लेकच पिल्लांना घेऊन हत्तीवरून आली. पिल्लांनी आजीला खालून नमस्कार केला, आजीने वरूनच दृष्ट काढली. मला बाई फार वाईट वाटलं.

वर्षअखेरीस पाहणी झाली. घारीने दहा वेळा घिरटी घातली. दहाही वेळा पदपथावर पादचारी होता. तिने अहवालात लिहिलं, ‘वापर अखंड’. महाराज खूश झाले. पदपथ आणखी हातभर उंच करायला दुसरं अनुदान मिळालं.

तात्पर्य: सावकाश, पण सतत चालणारा शर्यत जिंकतो. अनुदान जिंकायला मात्र त्याला एका जागी बसवावं लागतं.