गंगाक्कांची मुन्सफीण

आमच्या शेजारच्या गंगाक्का सकाळी उठल्याबरोबर आधी सूर्यावर चिडायच्या. हिवाळ्यात तो उशिरा येतो म्हणून आणि उन्हाळ्यात लवकर येतो म्हणून. "ह्यो कुठला इन्साफ?" असं त्या आभाळाकडं बघून विचारायच्या.

तेव्हा निजामाचा अमल होता. अक्कांचे यजमान धाराशिवच्या कचेरीत चपराशी होते. ते गेल्यावर अक्का आमच्या गावी, जळकोटला, एकट्याच राहायला आल्या आणि येताना कचेरीची भाषा घेऊन आल्या. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात घालताना त्या हजेरी घेत. "तांबडी हाजिर! कवडी हाजिर! मुन्सफीण?"

मुन्सफीण म्हणजे काळी कोंबडी. मुन्सफासारखी, म्हणजे न्यायाधीशासारखी, मान तिरकी करून ती अशी बघायची, की आता आपल्याला सजाच होणार असं वाटावं.

मी गावात नवी सून. माझ्या चुलीचा धूर अक्कांकडं गेला, माझी शेळी त्यांच्याकडं बघून ओरडली, तरी बोलणी मीच खायची.

एका उन्हाळ्यात गावोगावी कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. सकाळी हिंडणारी कोंबडी दुपारी पिसं फुलवून बसायची, तिची मान पिळवटायची आणि ती मरायची. एक दिवस मुन्सफीणही दाणे सोडून कोपऱ्यात बसली. अक्कांनी तिला उचलून घरात नेलं. खुराड्यातली घाण काढून जाळली, तिथं चुना पसरला. चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी आधी, मुन्सफिणीचं नंतर, तेही वेगळ्या मातीच्या परळात. तिच्याजवळून उठल्यावर राखेनं हात घासल्याशिवाय अक्का अंगणात पाऊल टाकत नसत.

"कापून टाका की, अक्का. मरायच्या आधी कालवण तरी होईल," माझे सासरे कुंपणावरून म्हणाले.

"तुमाला ताप आला तवा तुमच्या सुनेला म्या असलं काही सुचवलं का?"

सासऱ्यांनी त्या दिवसापासून कुंपणाकडं जाणंच सोडलं.

त्याच आठवड्यात गावात महसुलाचा साहेब, गिरदावर, मुक्कामाला आला. साहेब आला, की त्याचा शिपाई घरोघर फिरून कोंबड्या फुकटात उचलायचा. हातात पाय बांधलेल्या, उलट्या लोंबणाऱ्या कोंबड्या घेऊन तो अक्कांच्या फाटकाशी आला. मी धुणं वाळत घालत होते.

"साहेबांचा हुकूम हाय. दोन कोंबड्या काढा."

अक्का फाटकात वाट अडवून उभ्या राहिल्या. "आत पाय टाकू नगंस! कुठल्या कुठल्या गावच्या कोंबड्या ह्या? हिची मान बघ. चोचीतून लाळ गळतीय. घरोघरची मानमोडी माझ्या दारात आनतोस?"

"म्हातारे, सरकारी कामात आडवी येतीस?"

"सरकारी? आरं, गोळा व्हा रं समदे!" अक्कांचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. "ह्यो साहेबाला रोगाच्या कोंबड्या चारायला निघालाय! साहेबाची मान वाकडी झाली, तर समदी गवाह ऱ्हावा!"

गल्ली बघता बघता भरली. शिपाई आधी तापला, मग हातातल्या कोंबडीकडं बघून पांढरा पडला. ही बोंब साहेबाच्या कानावर गेली तर काय, हे त्याला आमच्याआधी उमगलं. तो खाली मान घालून चालता झाला. तो गेल्यावरही अक्का फाटकावर राख टाकत बराच वेळ बडबडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना ताक द्यायला गेले. आतून कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. पाव्हणी आली असावी, असं मला वाटलं. डोकावले तर अक्काच होत्या. मांडीवर मुन्सफीण होती आणि अक्का बोटानं तिच्या चोचीत गूळपाण्याचा थेंब सोडत होत्या.

"हाय म्या. हितंच हाय, माय."

मला बघून त्या ओरडल्या नाहीत.

"माझ्या लेकीला पटकी झाली तवा गावानं तिला रानातल्या खोपटात ठिवलं," त्या म्हणाल्या. "मला दोघांनी धरून ठिवलं. बाकीच्यांना जपायचं म्हनून. जपायला पायजे, व्हय. पन एकलं कशापायी ठिवायचं?"

मुन्सफीण संध्याकाळी गेली. अक्कांनी परसात खोल खड्डा खणून, चुना घालून तिला पुरलं. बाकीच्या कोंबड्यांना साथीनं शिवलं नाही.

हातपाय धुऊन त्या ओसरीवर आल्या. मी दुपारचं ताकाचं भांडं न्यायला आले होते, ते घेऊन निघाले होते.

"घाई हाय का गं?" त्यांनी विचारलं.

मी भांडं खाली ठेवून त्यांच्याजवळ टेकले.