बर्फ दाबून बघणारे ठोंबरे सर

ठोंबरे सर कोणत्याही लग्नात आधी आईस्क्रीमच्या काउंटरमागं जातात, खोक्यात हात घालून बर्फ दाबून बघतात आणि निकाल देतात, "कच्चाय. तासाभरात पाणी." गुलमंडीतले सरबतवाले त्यांना लांबून बघूनच बर्फावर पोतं टाकतात.

सर परफ्युजनिस्ट. शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं यंत्र जो चालवतो, तो. नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात. तेवढा वेळ पेशंट ज्याच्या हातात जिवंत राहिला, त्याचं नावही कोणी विचारत नाही. मला याची चीड येते. सरांना येत नाही, याची जास्त येते.

आता ते अवयव काढून, बर्फाच्या डब्यात घालून गरजू रुग्णापर्यंत पोचवणाऱ्या पथकाचे प्रमुख आहेत. शहरातला एकूण एक गतिरोधक त्यांना पाठ. सर्जन असो की ड्रायव्हर, जरा रेंगाळला की सर म्हणणार, "साहेब, लिव्हर तुमच्यासाठी थांबणार नाय."

मी अवयवदानाची पत्रकं लिहितो. 'देह द्या, अमर व्हा' हे माझं पत्रक सरांनी लाल पेनानं उभं-आडवं खोडलं. कोणाच्या आईला भेटून लिहिलंस का, विचारलं. भेटलो नव्हतो. मग तेच मला हॉस्पिटलात अशा एका आईकडं घेऊन गेले.

हर्सूलच्या एका मावशींचा तिशीतला मुलगा, जगदीश. मेंदूत रक्तस्राव झालेला. मेंदू मेला होता, छाती यंत्रावर हलत होती. मावशींनी सही केली होती, पण पलंगाचा कठडा सोडत नव्हत्या. डॉक्टर तयार, विमान तयार, मी घड्याळ बघतोय. आणि अख्ख्या शहराला घाई करणारा हा माणूस त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसला.

बऱ्याच वेळानं मावशी बोलल्या, "आतमधी लेकरू एकटं राहतंय का ओ?"

"नाय, मावशी. तुमच्या ताब्यात देईस्तोवर मी हाय."

त्यांनी कठडा सोडला.

दुपारी डबे निघाले. सायरन, पोलीस, मोकळे केलेले चौक, फोटोवाले. फक्त सर नव्हते. ऐन वेळी प्रमुखच गायब! जाब विचारायलाच मी तणतणत वर गेलो.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर जगदीशला पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं. टाके घातलेले, चेहरा पुसलेला. शेजारी स्टुलावर सर. फोन वाजला की ऐकून घ्यायचे, ठेवायचे आणि त्याच्याकडं वाकून हळूच सांगायचे, "जगदीशराव, तुमचं हृदय विमानात बसलं. एक किडनी इथंच, वरच्या मजल्यावर."

"सर, सगळे डब्यासोबत गेले," मी म्हणालो.

"व्हय, म्हणून तर." मग माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "कंगवा हाय का? मावशी म्हणाल्या, भांग डावीकडून पाडतो."

माझ्याकडं नुसती पत्रकं होती. ती तिथंच खुर्चीवर टाकून मी कंगवा आणायला पळालो.