काशीयात्रा समितीचा मकाव ठराव

पाप करण्यापूर्वी ते कुठे धुऊन मिळेल याची चौकशी करून ठेवणे, हे सुसंस्कृत समाजाचे पहिले लक्षण आहे. या बाबतीत आम्ही कुंभकोणचे लोक जन्मतःच नशीबवान. शास्त्रात स्पष्ट तरतूद आहे: इतरत्र केलेले पाप पुण्यक्षेत्री धुतले जाते, पुण्यक्षेत्री केलेले काशीत, काशीत केलेले कुंभकोणात, आणि कुंभकोणात केलेले कुंभकोणातच. (आम्हाला वरच्या कोर्टात जावे लागत नाही.) एवढी सोय दाराशी असून आमच्या तंजावरी मराठी मंडळींनी साडेतीनशे वर्षांत धुण्याजोगे फारसे काही केलेच नाही. ही सार्वजनिक सुविधेची नासाडी आहे, असे माझे मत होते.

म्हणून कॅसिनोंच्या शहराची, म्हणजे मकावची, पहिली सहल काढायचे ठरले तेव्हा समितीचे अध्यक्षपद मी स्वीकारले. नाव शंकरनारायण, निवृत्त लेखापरीक्षक. कल्पना मात्र माझ्या पत्नीची, सुंदरीची. वैकुंठ एकादशीला जागरण घडावे म्हणून आमच्याकडे फासे खेळतात (झोप येऊ नये म्हणून खेळलेला जुगार व्रतात मोडतो), आणि लग्न होऊन आल्यापासून सुंदरी त्यात एकदाही हरलेली नाही. नणंदा, जावा, भटजी, सगळे गारद.

"घरच्या माणसांस हरवून हरवून कंटाळलें," ती म्हणाली. "एकदां परक्यांत फासा टाकून बघतें. पुढच्या वर्षी हे गुडघे जिना चढूं देतील कीं नाहीं, कोण जाणे."

तिला घाई होती. समितीला असण्याचे कारण नव्हते.

बैठक दर रविवारी आमच्या घरी भरे, कारण कॉफी आमच्याकडे उत्तम मिळते. सुंदरीला कॉफी करायला फार आवडते, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तिने ते कधी नाकारलेले नाही. (तिला बैठकीत बोलावण्याची पद्धत नाही.)

नियोजन शास्त्रशुद्ध होते. सामानात इडलीवरची पोडी-चटणी, चिंचभात आणि लोणची मिळून एकोणनव्वद टक्के, औषधे दहा, उरलेल्यात कपडे. मग कळले की कॅसिनोत भिंतीवर घड्याळ नसते. समिती हादरली. घड्याळ नाही तर राहुकाळ कळणार कसा? राहुकाळात लावलेला डाव बुडणारच, आणि दोष मात्र नशिबाला. शेवटी प्रत्येकाने खिशात पंचांग आणि दर चौघांमागे एक भिंतीवरचे घड्याळ न्यावे, असे ठरले. खिळा व हातोडी समितीचे एक सदस्य विजयराघव आणणार होते.

इतक्यात माझे वडील अप्पाजी काठी टेकत बैठकीत आले. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, कान निवडक.

"अस्के जण मिळून कोठें निघालेत रे, शंकरा?"

"कासिनो, अप्पाजी."

"काशी ना?" अप्पाजींनी हात जोडले. "सेरि, सेरि, बरें झालें. मीहि येतों. गंगेचा तांब्या काढून ठेवा."

थोरांचे बोलणे खोडणे आमच्यात बसत नाही, आणि परदेशी जुगाराला जातो असे सांगणे तर मुळीच बसत नाही. पण लेखापरीक्षकाला अडचणीत संधी दिसते. शास्त्रात मकावचा उल्लेख नाही. काशीचा आहे, आणि काशीचे पाप थेट कुंभकोणात जमा होते. मी तिथल्या तिथे ठराव मांडला: "सदर शहर यापुढे सर्व प्रयोजनांसाठी काशी समजण्यात यावे." एकमताने संमत. मसुदा माझाच.

ठराव केला की नियम पाळावे लागतात. काशीला गेले की आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची असते. समितीतल्या नऊपैकी सात जणांनी कारले सोडायचे ठरवले. आठव्याने दुधी. मी शेपू सोडणार होतो. (शेपू आमच्याकडे मिळत नाही, त्यामुळे त्याग अधिकच निर्मळ.)

सगळे जमले होते. विजयराघव रेल्वेतून निवृत्त झालेले नसते, तर आम्ही निघालोही असतो. विमानासाठी तिरुचीला जायचे तर गाडी पापनाशम् स्टेशनवरून जाते, हे त्यांनी लक्षात आणून दिले. परतताना ठीक. पण जातानाच पापाचा नाश झाला, तर पुढे जाऊन करायचे काय? एक गट म्हणाला, जाताना मोटारीने वळसा घालू. दुसरा म्हणाला, खिडक्या लावून घेतल्या की पुरे. गाडी थांबली तरच नाश होतो की नुसती गेली तरी होतो, याचा अभ्यास करण्यासाठी उपसमिती नेमली. उपसमितीलाही कॉफी लागे.

पावसाळा गेला. कपांच्या ट्रेसह सुंदरी आत येई, दारात जरा थांबे, "तारीख ठरली का?" असे विचारी, आणि मी म्हणे, "विषय विचाराधीन आहे." मग ती गुडघा चोळत परत जाई. एका रविवारी कॉफीऐवजी आमच्या नातीचा, जननीचा, चेन्नईहून फोन आला. तिने काढून दिलेल्या तिकिटांवर आजी आणि पणजोबा तिरुचीला विमानात बसले होते.

"कोणत्या मार्गाने गेले?" विजयराघवांनी विचारले.

"झोपेत," जननी म्हणाली. "पापनाशम् कधी आलं, त्यांना कळलंच नाही."

उपसमितीने ही तिसरी शक्यता विचारात घेतली नव्हती.

आठवड्याने दोघे परतले. अप्पाजी प्रसन्न होते. "काशी फार सुधारली रे. गंगा घरांत घेतली आहे, वरती रंगवलेलें आकाश. पाणी निळें. नावाडी गात होता, भजन कांहीं कळलें नाहीं." (तिथल्या एका कॅसिनोत छताखालीच कालवा आणि नावा आहेत, असे जननीकडून कळले.) तांब्या त्यांनी भरून आणला होता, तो देवघरात आहे. त्यांच्या खिशात जुगाराची एक लाल चकती सापडली. प्रसाद, म्हणाले, आणि लगेच त्यांना ऐकू येईनासे झाले.

सुंदरी मात्र हरली होती. साफ, सगळेच्या सगळे डाव. सांगताना ती लहान मुलीसारखी हसत होती, आणि इतक्या वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिले नव्हते, हे कबूल करायला हवे. मला थोडे वाईटही वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी आली नाही. स्वयंपाकघरात सुंदरी पाय पसरून पेपर वाचत होती.

"अहो, काशींत आवडीची वस्तू सोडायची असते ना," ती म्हणाली. "मला कॉफी करायला फार आवडतें, असें तुम्हीच सगळ्यांस सांगतां. तेंच सोडलें."

मी ठराव काढून पाहिला. सर्व प्रयोजनांसाठी, असेच लिहिले होते. पळवाट राहू नये म्हणून मीच ते घातले होते.

आता बैठका विजयराघवांकडे भरतात. त्यांच्या पत्नीलाही कॉफी करायला फार आवडते, असे ते सांगतात. गेल्या रविवारी ट्रे ठेवताना तिने पासपोर्टचा फोटो कुठे काढतात, एवढेच विचारले.

वाचकांना आम्ही मूर्ख वाटलो असू, आणि त्याबद्दल समितीची तक्रार नाही. मात्र हे वाचता वाचता जो कप तुम्ही रिकामा केलात, तो कोणी आणून ठेवला हे जरा आठवून पाहावे. तिला ते करायला आवडते, हे तुम्हाला तिने सांगितले की तुम्ही तिला, याचीही खात्री करून घ्यावी. तिरुचीहून विमाने रोज सुटतात.