निलसाहेबांची काळी पाटी

चमचा हरवल्याचं कळलं तो रविवार होता, आणि त्याच दुपारी विहीणबाई चहाला यायच्या होत्या.

चमचा म्हणजे चहापत्तीचा. पितळी, दांड्याला जरा वाकलेला, ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेला. बायको गेल्यापासून निलसाहेब चहा करायला शिकले होते, पण ते या एका चमच्याच्या मापाने. दुसरा कुठलाही चमचा घेतला की चहा गढूळ पाण्यासारखा तरी व्हायचा, नाहीतर औषधासारखा.

आणि त्या दिवशी सगळं चहावर येऊन ठेपलं होतं. लेकीचं म्हणणं होतं की बाबांनी घराला कुलूप लावून तिच्याकडे राहायला यावं. बाबांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "पंपांच्या कारखान्याचं अख्खं स्टोअर सांभाळलंय मी. दोन खोल्यांचं काय घेऊन बसलीस?" शेवटी असं ठरलं की लेकीच्या सासूबाईंनी यावं, घर बघावं, बाबांच्या हातचा चहा घ्यावा आणि काय तो निकाल द्यावा. निकाल द्यायला विहीणबाई कधी मागे हटत नसत. त्यांच्या घरात पंखासुद्धा त्यांना विचारून फिरायचा.

निलसाहेब हे नाव कारखान्यातलं. स्टोअरच्या खिडकीशी येऊन कोणी तोंड उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "निल." पण शब्दांच्या बाबतीत माणूस फार काटेकोर. वस्तू नाही, असं मोघम बोललेलं त्यांना खपत नसे. आहे पण पुरत नाही, तर पिवळी पाटी, शॉर्ट. अजिबात नाही पण मागवलंय, येईल, तर लाल पाटी, निल. आणि कोणाला दिलेलं नाही, म्हणजे इश्यू झालेलं नाही, असायलाच हवं होतं पण जागेवर नाही, तर काळी पाटी, मिसिंग. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. पत्र्याच्या या पाट्यांची पेटी मात्र त्यांनी स्वतः मागून घेतली.

बायको होती तोवर पेटी माळ्यावर पडून होती. तिच्या राज्यात काही संपायचंच नाही. निदान निलसाहेबांना तरी कधी कळलं नाही. ती गेल्यावर एका सकाळी मीठ संपलं. मीठही संपतं, हे बघून ते कितीतरी वेळ रिकामा डबा हातात धरून उभे होते. मग पेटी खाली आली आणि डब्याडब्याला पाट्या लागल्या. पेटीत हजेरीच्या खोलीतली एक पाटी चुकून आली होती, ॲबसेंट. ती माणसांसाठी, आणि तीही उद्या येणाऱ्या माणसांसाठी. ती त्यांनी पेटीतच राहू दिली.

तर त्या रविवारी खिळा रिकामा दिसला आणि सवयीने त्यांच्या हाताने तिथे काळी पाटी लटकवली, खाली खडूने 'चमचा' लिहून. साखरही निल होती, पण तिची चिंता नव्हती. साखर गेटवाले आणून देणार होते. गेटवाले म्हणजे कारखान्याच्या फाटकावर आयुष्य काढलेला माणूस, साहेबांबरोबरच निवृत्त झालेला आणि रविवारी न चुकता गप्पांना येणारा.

पण त्यांच्याआधी विहीणबाई आल्या, बरोबर लेक. विहीणबाईंनी स्वयंपाकघरात एक फेरी मारली आणि सगळ्या पाट्या मोठ्याने वाचून काढल्या. हे घर आहे की गोदाम, असं त्यांनी सुनेला विचारलं, पण आवाज असा की शेजाऱ्यांनाही उत्तर देता यावं. लेक पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.

निलसाहेब "दोन मिनिटं" म्हणून आत जात, डबे हलवत, ओट्याखाली वाकून बघत, आणि बाहेर येऊन पुन्हा हवापाण्याबद्दल बोलत. पातेल्यातलं पाणी उकळून उकळून निम्मं झालं.

तेवढ्यात गेटवाले आले. साखरेसाठी पिशवी घ्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि काळी पाटी बघून जागच्या जागी थांबले. ते बाहेर आले, दाराला आतून कडी घातली, स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावून ताठ बसले.

शेवटच्या बसची वेळ होत आली तशा विहीणबाई उठल्या. चहा राहू द्या, काय बघायचं ते बघितलं, असं म्हणत दारापर्यंत गेल्या. गेटवाले हलले नाहीत.

"बाई, पिशवी दाखवावी लागेल."

मिसिंगची पाटी लागली की फाटक बंद. वस्तू सापडेपर्यंत झडती दिल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. हा नियम निलसाहेबांचाच. एकदा तर त्यांनी खुद्द मॅनेजरला जेवणाचा डबा उघडायला लावला होता.

"आणि साखर?" निलसाहेबांनी हळूच विचारलं.

"कशी आणू साहेब? फाटक बंद आहे ना."

विहीणबाईंचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "व्याहीबुवा, मी काय तुमच्याकडे चमचे चोरायला आले?"

"बाबा, ती पाटी काढा आधी," लेक म्हणाली.

काढायला काय, हात वर करायचा अवकाश. निलसाहेब आत गेले. हात पाटीपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. काळी पाटी दोनच कारणांनी उतरते. वस्तू सापडली तर, किंवा ती कायमची गेली असं लिहून खाली सही केली तर.

"नाही काढता येत," ते म्हणाले. "सापडला नाही. आणि गेला, असं मी म्हणणार नाही."

विहीणबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी आपणहून पिशवी टेबलावर पालथी केली. छत्री, गोळ्या, चष्म्याचं घर आणि कुठल्याशा हॉटेलातल्या मूठभर साखरेच्या पुड्या.

"त्या मला चक्कर आली तर लागतात," त्या घाईघाईने म्हणाल्या.

गेटवाल्यांनी पुड्यांकडे बघितलंच नाही. "ताई, आता तुमची पर्स."

लेकीने पर्स छातीशी धरली. गेटवाले थांबून राहिले. शेवटी तिनेच चेन उघडली. रुमालात गुंडाळलेला पितळी चमचा निघाला. आदल्या संध्याकाळी घर आवरून द्यायला ती आली होती, तेव्हाच घेऊन गेली होती.

"मला साड्या नको होत्या आईच्या. हा हवा होता. तुमच्या चहाचं लक्षातच आलं नाही. आज ठेवून द्यायला आणला होता, पण हात होईना."

"मला विचारायचंस ना."

"तुम्ही निल म्हणाला असता."

निलसाहेबांनी चमचा हातात घेतला. वाकलेल्या दांड्यावरून अंगठा फिरवला. मग तो पुन्हा रुमालात गुंडाळून लेकीच्या हातात दिला आणि दाराकडे वळले.

"गेटवाले, कडी काढा. मिसिंग नाही. इश्यू झालाय."

विहीणबाईंनी जाता जाता उंबऱ्यात निकाल दिला. "सूनबाई, यांना इथेच राहू दे. आपल्याकडे आले तर मला माझ्याच घरातून बाहेर पडता यायचं नाही." साखरेच्या पुड्या त्या टेबलावरच ठेवून गेल्या. विसरल्या की ठेवल्या, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

घराला कुलूप लागलं नाही. निलसाहेब हल्ली चहा गेटवाल्यांकडे जाऊन पितात. काळी पाटी पेटीत गेली आणि खिळ्याला लाल पाटी लागली. म्हणजे नाही पण मागवलंय, येईल. खरं सांगायचं तर चमचा अजून मागवलेला नाही.